उणे त्र्याहत्तर हजार पाचशे साठ

उर्सुलाचा फोन आला तेव्हा मी मडगावात होतो.
"तुजो प्रोग्राम आंकडे खाता."
काजूचा हंगाम; काणकोणला, चावडीवरच्या दुकानात
बियांची पोती दारापर्यंत आलेली.
ते व्हिज्युअल बेसिकमधलं काम मीच केलेलं, लग्नाच्याही आधी.
कोड वाचताना वाटलं,
हे अक्षर ओळखीचं आहे, माणूस नाही.

वजन दोनदा घालावं लागतं, ती म्हणाली.
काट्याकडे बघत आकडा घालते,
मान वळवते तर चौकट कोरी.
मग माउसने टिचकी मारून पुन्हा.
कीबोर्ड बदलून झाला. जुना पालथा करून झटकला,
त्यातून दोन मुंग्या आणि एक टाचणी निघाली.

फॉर्म उघडला. बटणं जागच्या जागी,
करडी, निरपराध.
एकेक ओळ थांबवत चाललो, एफ-आठ, एफ-आठ,
खाजणाच्या बांधावरून पाय चाचपत जावं तसा.
नाव घातलं, टॅब दाबला,
आणि कर्सर गेला.
पडद्यावर कुठेच नाही.
पण फोकस असा हवेत विरत नाही,
तो कुणाच्या तरी पदरात असतोच.
खालच्या खिडकीत त्यालाच विचारलं: आत्ता कुणाकडे आहेस?
उत्तर आलं:
उचल.

उचलीची चौकट दुसऱ्या पानावरची,
गेल्या साली मी घाईत, जेवता जेवता जोडलेली.
तिचा लेफ्ट विचारला.
उणे त्र्याहत्तर हजार पाचशे साठ.
पानांचं ते कंट्रोल काही लपवत नाही मुळी,
पंच्याहत्तर हजार ट्विप डावीकडे ढकलतं
आणि म्हणतं, इथे कुणी नाही.
ती तिथे जागीच असते.
पडेल तो आकडा ओंजळीत घेते.

एका इंचात ट्विप चौदाशे चाळीस.
उर्सुलाच्या खणात शिवणाची टेप होती.
शून्य धरलं पानाच्या काठाशी, टेप डावीकडे नेली
एक्कावन्न इंच:
मॉनिटर संपला, टेबल संपलं,
स्टेपलर, पाण्याची बाटली, सगळं मागे पडलं,
आणि टेप टेकली खिडकीखालच्या बाकड्याला,
जिथे पैसे हातात पडेपर्यंत
बी विकायला आलेल्या बायका बसतात.

जानकी वेळीप बसली होती.
मागल्या आठवड्याची पावती कनवटीला, चार घड्यांची.
बी, बेचाळीस किलो.
वजा उचल, रुपये बेचाळीस.
"हांवें उचल केन्नाच घेवंक ना,"
ती मला म्हणाली, उर्सुलाला नाही.
उर्सुलाला तिनं आधीच तीनदा सांगितलं होतं,
आणि उर्सुलाने तीनदा समजावलं होतं:
कॉम्प्युटर चुकना गो, माये.

दुरुस्ती दोन ओळींची.
पान पुढे नसेल तेव्हा चौकट बंद.
एनेबल्ड, फॉल्स.
उरलेली दुपार एका प्रश्नात गेली:
जिथे उचल आणि वजन सारखंच, त्या सगळ्या पावत्या दे.
एकशे त्रेसष्ट आल्या.
छापताना रिबन दोनदा अडकली.

उर्सुलाने गल्ला उघडला. बोलली काही नाही.
एकोणतीस. अठरा. सदतीस आणि अर्धा,
त्या अर्ध्यासाठी तिने स्वतःची पर्स झाडली.

जानकीने नोटा मोजल्या,
मग उर्सुलाकडे न बघता
पुन्हा मोजल्या.