ही बाजू वर

पेट्या एकशे चाळीस होत्या.
मोजायचं काम माझं नव्हतं,
पण विंचवरचा हात आपोआप मोजतो.
कागदावर लिहिलं होतं: यंत्रांचे सुटे भाग.
कागद खोटं बोलत नव्हता.
कुठलं यंत्र, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.
मी, यासीन परकार, दाभोळचा, मीही नाही.

फळ्यांवर निळा बाण, टोक आभाळाकडे.
पुसट झालेले बारा-पंधरा मीच नव्याने रंगवले,
सावकाश, जीभ दातांत धरून,
जसं होडीवर तिचं नाव रंगवतात.

त्या फेरीच्या बोनसमध्ये
दारापुढची ही पायरी झाली. जांभा, पाच चिरे.
रुकय्या तिच्यावर बसून बांगडे साफ करते.
खवले कितीही खरवडले
तरी उन्हात चमकतात.

मग एका रात्री बातम्यांत ते शहर.
बेकरीसमोर रांग होती म्हणे.
आता रांग नव्हती, चपला होत्या.
आणि मागे, ढिगाऱ्यापलीकडच्या मोकळ्या जागेत,
मातीच्या आखूड उंचवट्याच्या उशाशी
रोवलेली एक फळी.
तिच्यावर निळा बाण.
ही बाजू वर.

तीच असेल असं नाही.
जगात निळा रंग काय मी एकट्याने वापरला?
जेट्टीवर सगळे हेच म्हणाले.
खतीबसाहेब म्हणाले, अल्लाह नियत बघतो.
फेरीबोटीवरचा शिर्के म्हणाला, हुकूम वरून येतो,
आपण नुसती दोरी.
मुलगा म्हणाला, अब्बा, तुम्ही नसतात
तर दुसऱ्या कुणी उचलल्याच असत्या.
खरं आहे.
पण दुसऱ्या कुणी उचलल्या नाहीत.

ज्याने सही केली, ज्याने बटण दाबलं,
त्यांचा हिशेब मोठा.
सोळा आण्यांतला माझा फार तर एक.
तो त्यांच्या खात्यात ढकलून पाहिला.
ओहोटीला खाडीत फेकलेला नारळ
भरतीला परत आपल्याच दारात येतो,
तसा आला.

काल पहार घेऊन एक चिरा सैल केला.
रुकय्या म्हणाली, आता पडेल कुणीतरी.
बरोबर बोलली. परत बसवला.
सिमेंट ओलं होतं, बोट पुढे केलं,
नाव लिहावं म्हणून.

नाव माहीत नव्हतं.
वजन माहीत होतं:
पेटीमागे दोनशे दहा किलो.