डावं-उजवं

नॉर्मन थर्कल, वय एकसष्ट.
पत्ता : ग्रिम्सबी, गोदीमागची गल्ली, तळमजला.
त्याआधी बत्तीस वर्षं एका इस्पितळात,
जिथे गरम नळ डावीकडे होता
आणि साबणाची वडी साखळीला बांधलेली.

त्याच्या डाव्या हातावर मनगटापर्यंत
दुधावरच्या सायीसारखी कातडी आहे, सुरकुतलेली.
कुणी बघितलं की तो हात खिशात जातो.

मी टेबलावर दोन कार्डं ठेवते. लाल. निळं.
"नॉर्मन, थंड कुठलं?"
तो डावीकडचं उचलतो.
मी अदलाबदल करते.
तो डावीकडचं उचलतो.
दहातली पाच बरोबर येतात
आणि आलेखावरची रेघ आडवीच्या आडवी,
ओहोटीनंतरच्या चिखलासारखी.

पंगतीत वाढताना आई बजावायची,
डावं-उजवं करू नकोस गं.
आणि ताटात चटणी उजवीकडे पडली
तर तीच आई भुवई चढवायची.
इथे फॉर्मच्या माथ्यावर या कामासाठी जो शब्द छापलाय
तोच वापरतात,
बस भरली तरी माझ्या शेजारची सीट
रिकामी राहते तेव्हा.
मी त्याच्याखाली पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : निवडणं.
तांदूळ निवडतात तसं.

मार्चमध्ये एकदम आठ आली. मग नऊ.
ग्लेनिसने, माझ्या साहेबिणीने, केक आणला.
घरी जाताना पुलावर लक्षात आलं,
तो कार्डांकडे बघतच नव्हता.
माझी नजर जिकडे, त्याचा हात तिकडे.
दुसऱ्या दिवशी मी काळा चष्मा लावून बसले.
पाच.
"डोळे दुखतात?" त्याने विचारलं.

मग निळं केलं परातीएवढं, लाल टिकलीएवढं,
चुकायला जागाच ठेवली नाही.
लाल रोज नखभर वाढवत नेलं.
जूनअखेर दोन्ही सारखी झाली
आणि चष्म्याआडून मी पाहत होते :
नॉर्मन निळं उचलतोय,
डावीकडून, उजवीकडून, जिथे असेल तिथून.
घरच्या नळांवर आम्ही ठिपके चिकटवले.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये चहा होता.
तिथले नळ पितळी, जुने,
अक्षरं झिजलेली, रंग नाहीच.
बटरचे हात घेऊन तो बेसिनपाशी गेला.
मी दारात. चष्मा पर्समध्ये.
डावा हात उठला,
अर्ध्यावर थांबला.
खाली आला.
बराच वेळ तो नुसता उभा राहिला
दोन नळांच्या मधोमध,
मागे कुणीतरी खाकरलं तरी.

फॉर्मवर दोनच चौकटी आहेत, बरोबर आणि चूक.
थांबला, याला चौकट नाही.

मग त्याने मान वळवली आणि माझे डोळे शोधले.
मी उजव्या नळाकडे पाहिलं.

चौकटींच्या बाहेर, समासात, लिहिलं :
विचारलं.