शंभराव्या वर्षाचं पत्रक

धाकटे काका म्हणाले, तू लिही,
तुझं मराठी बरं आहे.
एकच पान. वर गणपती, खाली जीएसटी नंबर.

तर, फसली तेराशे चौतीस.
नरसय्या राजन्ना, निर्मळहून वसमतला,
एका बैलावर धने, मेथी, ओवा.
दुसरा बैल भोकरजवळ बसला तो उठलाच नाही.
पहिल्या वहीत पहिली ओळ: श्री.
दुसरी: बैल एक, बुडीत.

मग हळद आली. त्या पिवळ्या धुळीत
आमची तीन घरं उभी राहिली, दोन भांडणं, एक वाटणी.
हाली सिक्के गेले, पल्ले गेले, क्विंटल आले.
पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात
आतून कडी लावून पणजोबा
चिंच निवडत बसले होते म्हणे.
एवढं सगळं पत्रकात बसतं.

बसत नाही ते हे:
बाहत्तरच्या तापानंतर आजोबांना वास येईना.
हिंगाचा नाही, उतू गेलेल्या दुधाचा नाही.
मसाल्याच्या पेढीचा मालक,
आणि नाक नुसतं चष्मा ठेवायला.
सांगितलं फक्त महेबूबला,
जो पोती उचलायचा.

मोंढ्यात ढिगापाशी महेबूब आधी जाई,
हळकुंड मोडी, हुंगी,
खांद्यावरचा रुमाल झटकी.
एकदा झटकला तर घ्या,
दोनदा, तर दमट आहे,
घडी घातली की पुढं चला.
मग आजोबा अडत्याच्या हातावर उपरणं टाकत
आणि खाली बोटं दाबत
अगदी सावकाश, जाणत्यासारखी.
अकरा वर्षं.
सांगलीपर्यंत लोक म्हणत, राजन्नाचं नाक.

वहीत महेबूबच्या नावे हमाली आहे,
पोत्यामागं पंचवीस पैसे,
ईदला पायलीभर गहू.
हुंगण्याचं खातं सापडलं नाही.

आता रिपोर्ट येतो:
कर्क्युमिन तीन पूर्णांक आठ, ओलावा नऊ.
मशीनला नाक नाही,
पण ते कुणाला लपवावं लागत नाही.

काल गोदामात महेबूबचा नातू, अतीक,
फोर्कलिफ्टवर होता. विचारलं, तुला माहीत होतं?
हमारे घरमें सबकू मालूम था, म्हणाला.
मग खाली वाकून, हळू:
एका सालाला दादांनाच सर्दी होती.
पंधरा दिवस नुसताच रुमाल झटकला त्यांनी.
त्या साली पेढीला
सगळ्यात जास्त फायदा झाला.

आणि त्यानं रिव्हर्स घेतला.
गाडी बराच वेळ टीं टीं करत
पोत्यांमधून मागं मागं जात राहिली.