एकतीस

गाडी सुटण्याआधी मी डोकी मोजतो.
चौथ्या दिवशी नावं विसरतात,
टोप्या लक्षात राहतात.

तवसाळच्या जेटीवर तीस.
परत मोजली. तीसच.
फेरीबोटीचा भोंगा झाला, ड्रायव्हर कुळ्ये माझ्याकडं बघेना.

सापडल्या उमरेडच्या कुंदाताई ढेंगळे,
होडीच्या सावलीत, कोळणीशेजारी उकिडव्या,
तिसऱ्या फोडत.
"थांब ना बाप्पा, येवढी टोपली होऊ दे."

फेरी गेली.
पुढची पाऊण तासानं.
ओरडायला तोंड उघडलं होतं मी,
तर मागून डॉक्टर वऱ्हाडपांडे आले, चपला काढून,
आणि त्यांच्यामागं अख्खी गाडी.

संध्याकाळी रत्नागिरी: हॉर्न, दिवे,
कुणाची तरी वरात रस्त्यात अडकलेली,
आमची माणसं आंबापोळीच्या दुकानात घुसलेली.
कुंदाताईंनी एक कोयती घेतली फक्त.
उमरेडला काय फोडणार हिनं?
विचारलं नाही.

लॉजवर मोजली. एकतीस.
गाडी झाडायला गेलो,
तर सोळा नंबरच्या सीटखाली पिशवी,
तिच्यातून थेंब थेंब
खारं पाणी,
दारापर्यंत आलेलं.