एक घर, एक धागा

ऑर्डर आली तेव्हा कारखान्यात वीज नव्हती,
म्हणून शेठचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला:
“भूदेवक्का, डेन्मार्कचं म्युझियम हाय. बाईचं चित्र हाय.
म्हंजे, चित्रात बाई न्हाई. बाईनं काढलेलं.
फुलं हायती नुसती. तुमाला काय अवघड?”

मोबाइलवर फोटो. मातीचं भांडं, सात-आठ फुलं,
मागे काळोख,
उन्हाळ्यात दुपारी दार ओढून घेतल्यावर घरात होतो तसला.
नाव मेटे होल्गोर. जन्म अठराशे एकोणतीस.
खालची माहिती धाकट्यानं मराठी करून सांगितली,
शेंगाचटणीचं बोट चाटत.

चित्रांची शाळा होती, राजाची.
तिथं मुलगे उघड्या अंगाच्या माणसाकडं बघून शिकायचे.
बाईमाणसानं तिथं कसं बसायचं?
म्हणून बाईनं फुलं काढायची.
फुलंही उघडीच असतात,
हे त्या राजाच्या ध्यानात आलं नसावं.

मग लग्न. नवराही चित्रकार.
उत्तरेचा उजेड त्याच्या खोलीला,
तिला स्वयंपाकाचं टेबल, मासे साफ करून झाल्यावर.
पाच बाळंतपणं, दोन लेकरं राहिली.
नवऱ्याच्या चित्रांतली झालर, गालिचा,
कोपऱ्यातली फुलदाणी हिनं रंगवायची.
सही खाली त्याची.
“पुढचं उघडंना,” धाकटा म्हणाला, आणि शिकवणीला गेला.

मला ग्राफ सासऱ्यांनी शिकवला, त्यांची नजर गेल्यावर.
ते बोलायचे, मी घरं भरायची.
त्याआधी विड्या वळत होते साखर पेठेत,
कात्रीनं पान कापायची सवय, तीच कामाला आली.
चाळीस वर्षं झाली.
किती चादरींवरचे मोर माझे,
झोपेत कोण बघतं पायाशी कोणाचा मोर आहे ते.

एक घर, एक धागा.
पाकळी गोल, घर चौकोनी.
गोलाई म्हणजे नुसत्या पायऱ्या, लांबून न दिसणाऱ्या.
चौथ्या दिवशी लक्षात आलं,
हिच्या सावलीच्या रेघा माझ्या उलट झुकतात.
डावरी असणार.
माहितीत कुठं लिहिलं नव्हतं.
त्या दिवसापासून मी तिच्याशी थोडं तेलुगूत बोलले,
भांडले म्हणा; एका गुलाबी रंगावरून.

डाव्या पानाखाली एक गोगलगाय होती.
फोटो दोन बोटांनी ताणल्याशिवाय दिसायची नाही.
शेठ म्हणाले, “किडा काढा ओ, अंग पुसायचा टॉवेल हाय.
आन् ती सही नको, कार्डं वाढत्यात.”

किडा काढला.
सही म्हणजे दोनच अक्षरं, एम् आणि एच्,
बुटकी, जरा बिचकलेली.
गोगलगाईचं घर मी त्यांना दिलं.

“इदेंदि अक्का?” कार्ड पंच करताना मल्लेशम थांबला.
देठ, म्हटलं.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग कार्डाकडं,
आणि भोकं पाडली.

माग चालू झाला. धडधड, धडधड,
भिंतीवरचा मार्कंडेय हलायला लागला.
मी कापडाच्या मागच्या अंगाला जाऊन उभी राहिले.
तिथं काळोख पांढरा झाला होता
आणि फुलं काळी.
आधी एच्, मग एम्.
उलटूनही अक्षरं तीच राहतात ही,
फक्त जागा बदलून बसतात,
एसटीत ओळखीच्या बायका बसतात तशी.

गड्ड्याच्या जत्रेआधी माल गेला.
तक्रार आली नाही. कौतुकही नाही.
एका कडेला रंग चुकलेला तुकडा शेठनं दिला,
तो मिक्सरवर टाकलाय,
उलटी बाजू वर.

परवा देठापाशी हळदीचा डाग पडला.
धुतला, जात नाही.
तो तेवढा माझा.