ऐंशी-पन्नास

डॉक्टर सुगत नोकरीला लागून एकवीस दिवस झालेले,
स्टेथोस्कोपची नळी अजून ताठ.
गाडीत चढताना बूट काढायला वाकला,
मी म्हणालो, साहेब, ही मशीद नाही, चढा.

मला सगळे मामू म्हणतात.
चौदा वर्षं, बाळापूर ते नांदेड.
किती खड्डे, किती फाटे, कोणत्या फाट्यावर कोणाची पोरं,
कोणत्या महिन्यात कोणता झेंडा,
स्टेअरिंगला पाठ आहे.
छातीवरची नावाची पट्टी काही रात्री मी उलटी लावतो.
सीटखाली तीन रंगांची उपरणी,
धुतलेली, घडी घातलेली,
बँडेजच्या खोक्याशेजारी.

आचारसंहिता लागली की गाडीवरच्या चेहऱ्याला
कागद डकवून जातात ऑफिसातले लोक.
वाऱ्यानं एक कोपरा सुटतो
आणि एक डोळा बघत राहतो रस्त्याकडे.

सुगतला नातेवाईक विचारायचे, पूर्ण नाव काय म्हणालात?
तो पहिलंच सांगायचा.
ते उरलेल्याची वाट बघत उभे.
एक म्हातारा तर म्हणाला, दुसरे डॉक्टर नाहीत का?
पोरगं म्हणालं, आहेत ना आजोबा, पण ते दिवसा असतात.
त्याला प्रश्न कळलाच नव्हता.
मी मोकळ्या रस्त्यावर उगंच हॉर्न वाजवला.

त्या रात्री उपकेंद्रातून एक बाळंतीण उचलली.
बाळ मागंच राहिलं, मावशीच्या मांडीवर.
चादर तिसऱ्यांदा बदललेली.
रक्त सगळ्यांचं सारखं, असं भाषणात म्हणतात.
गाडीच्या फरशीवर वाळलं की ते काळं पडतं
आणि फिनेलनं निघत नाही,
मला एवढंच माहीत आहे.

वारंगा फाट्यावर टायर जळत होते.
सायरनला कोणी विचारेना.
एक पोरगा आला, मिसरूड नुकतं फुटलेलं, हातात दांडकं,
गळ्यात नेत्याचा फोटो, ओळखपत्रासारखा.
काचेवर टकटक.
कोणाचं पेशंट हाय?

मी उत्तर जुळवत होतो.
या फाट्याला आज कोणतं आडनाव चालतं,
उपरणं डावीकडचं की मधलं,
तेवढ्यात मागची खिडकी सरकली.
सुगतनं डोकं बाहेर काढलं
आणि सरांना रिपोर्ट द्यावा तसं एका दमात म्हणाला,
ऐंशी-पन्नास. नाडी एकशे चाळीस. लागतेय, सुटतेय.

पोरगं गोंधळलं.
मागून कोणीतरी ओरडलं, कोण हायत रे?
तो म्हणाला, काय की, आकडे सांगायलेत.
आणि दांडक्यानं एक टायर बाजूला ओढला.
थोडासाच.
आरसा भाजून आम्ही निघालो.

विष्णुपुरीला बाई आत गेली.
वाचली का, ते विचारू नका, आम्हाला दारापर्यंतच कळतं.
सुगत भिंतीमागं जाऊन ओकला, तोंड धुतलं,
चहा घेताना म्हणाला,
मामू, तो पोरगा काय विचारत होता?
मी म्हणालो, बीपी.

हे दिवाळीच्या आधीचं.
परवा डोंगरकड्याच्या अलीकडं लांबूनच धूर दिसला.
सुगत म्हणाला, गाडी हळू घ्या,
आज पुढं कोण बसलेत?
मी सांगितलं. सांगायला नको होतं.
त्यानं न बघता सीटखाली हात घातला
आणि बरोबर रंगाचं उपरणं काढलं.
तुमची पट्टी, म्हणाला.

शिकला पोरगा.
मला हे यायला सात-आठ वर्षं लागली होती,
याला चार महिने.
मी पट्टी उलटी केली.
मागं मॉनिटरवर आकडे चालू होते,
मोठ्यानं कोणी वाचले नाहीत.