चार मार्कांचा प्रश्न

चौकशीच्या खिडकीत बोनालांची अंबिका उभी.
हातात पुस्तक, पुस्तकात बोट.
"काका, देश राजधानी का हलवतात?
चार मार्काला आहे. मुद्दे सांगा की."

मी वाहतूक नियंत्रक. माइकवर एकतीस वर्षं झाली.
माझ्याकडे मुद्दे नसतात, गाड्या असतात.
तरी म्हटलं, बोर्ड वाच.
विजापूर. बीदर. बसवकल्याण.
गुलबर्गा, पाटीवर कलबुर्गी.
सगळ्या एकेकाळच्या राजधान्या,
आता साधी गाडी, वाटेत एकदा चहा.

"लिही, पाणी आटलं.
लिही, शत्रूला रस्ता पाठ झाला.
बीदरचं मात्र वेगळं सांगतात:
ससा उलटून कुत्र्यांवर धावला म्हणे,
सुलतान म्हणाला, हीच हवा पाहिजे."
"ससा लिहिला तर शून्य पडेल, काका."
"मग हवामान लिही."

"आणि आपलं सोलापूर?"
आपलं कधी नव्हतंच गं.
आपला किल्ला हुंड्यात द्यायचे,
परत मागायचे, त्यावरून मारामाऱ्या.
राजधानी नव्हती, म्हणून सोडून कुणी गेलं नाही.
गिरण्या तेवढ्या गेल्या.
त्यांनी कारण लिहून दिलं नव्हतं.

सकाळचं परिपत्रक कपबशीखाली पडलेलं.
स्टँड हलणार. गावाबाहेर, हायवेला.
गर्दी. जागा अपुरी. भविष्यातील विस्तार.
तेच तिला वाचून दाखवलं.
आधीचं खोडून ती भराभर लिहीत गेली,
एक, दोन, तीन.

"चौथा?"

समोर महादेवी कडक भाकरीची चवड
सावलीबरोबर हातभर सरकवत होती.
दुपारी खांबाच्या या अंगाला,
पाचला त्या.
परिपत्रकात तिचं नाव शोधलं.
जावक क्रमांक होता.
प्रत माहितीस्तव, सात जणांना होती.

दप्तरं बैलगाड्यांवर चढली असतील तेव्हा
असंच कुणी टोपली घेऊन
वेशीपर्यंत आलं असेल विचारायला,
उद्यापासून गिऱ्हाईक कुठं बसणार?
याचा मुद्दा होतो का, मला ठाऊक नाही.

"काका, चौथा?"
थांब, म्हटलं, बीदर लागलीय.
माइक ओढला, बटण दाबलं,
गाव सांगितलं, वेळ सांगितली,
फलाट सांगायचा राहिला.
लोक पिशव्या उचलून
दोन्हीकडे पळाले.